उजवी लेन कुणाच्या बापाची?

पुण्यात वाहतुकीचा विषय निघाला की दोनच मते ऐकू येतात. एक, रस्ते अपुरे आहेत. दोन, लोकांना शिस्त नाही. पहिले मत मांडणारा नेत्यांकडे बोट दाखवतो. दुसरे मांडणारा ट्रकवाल्याकडे, रिक्षावाल्याकडे, दुचाकीवर तिघे बसलेल्या पोरांकडे. गंमत अशी की ही दोन्ही मते बहुतेक वेळा एकाच माणसाची असतात, आणि ती मांडताना तो माणूस आपल्या चारचाकीत, महामार्गाच्या सर्वांत उजव्या लेनमध्ये, ताशी पन्नास-पंचावन्नच्या वेगाने निवांत चाललेला असतो. मागे दहा गाड्या तुंबलेल्या, डावीकडची लेन रिकामी, आणि याच्या कानाला फोन. मला या माणसाशी भांडायचे आहे. ट्रकवाल्याशी भांडायला बाकी सगळे शहर आहेच.

मी कोंढव्यात राहतो आणि गेली बारा वर्षे हिंजवडीत नोकरीला जातो. म्हणजे खडी मशीन चौक, कात्रज, नवले पूल, वडगाव, वारजे, चांदणी चौक, बाणेर, वाकड. पुण्यातल्या प्रत्येक कोंडीशी माझी नावानिशी ओळख आहे. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक अहवालात पुणे जगात चौथ्या क्रमांकावर होते. दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटांहून जास्त. हा आकडा आला तेव्हा आमच्या ऑफिसात लोक हसले. कारण सायंकाळी सहाला हिंजवडीतून निघणाऱ्याला ३३ मिनिटांत दहा किलोमीटर म्हणजे सुटीचा दिवस वाटतो.

आधी हा रस्ता काय आहे ते पाहू. कात्रज–देहूरोड बाह्यवळण हा मुंबई–बेंगळुरू महामार्गाचा तुकडा. जुना राष्ट्रीय महामार्ग ४, आताचा ४८. शहराच्या बाहेरून गाड्या काढायच्या म्हणून तो बांधला आणि शहर त्याच्याकडे धावत सुटले. नऱ्हे, आंबेगाव, बावधन, सूस, म्हाळुंगे, ताथवडे, पुनावळे. दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्या, कॉलेजे आली, आयटी आली. आज त्याच डांबरावरून उरणच्या बंदरातून निघालेला कंटेनर बेंगळुरूला जातो आणि वारज्याचा मुलगा डबा घेऊन वाकडला जातो. कंटेनरला तो महामार्ग आहे, मुलाला तो गल्लीतला रस्ता आहे. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि भांडणाचे मूळ तिथेच आहे.

माझे मामू तीस वर्षे ट्रक चालवत होते. सांगली–मुंबई, मुंबई–हुबळी. आता घरी असतात, गुडघे गेलेत. महामार्गावर कसे चालवायचे हे मला ड्रायव्हिंग स्कूलने शिकवले नाही, त्यांनी शिकवले. त्यांचे पहिले वाक्य असे होते, "भाच्या, उजवी पट्टी राहायला नाही, जायला आहे." कायदाही वेगळे काही सांगत नाही. आपण डावीकडून चालणारा देश आहोत. शक्य तितके डावीकडे राहायचे, पुढच्याला ओलांडायचे तर उजवीकडे यायचे, ओलांडून झाले की परत डावीकडे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वाहनचालन नियमावलीत हे आहे, त्याच्या आधीच्या १९८९ च्या नियमावलीतही होते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १७७ अ हे कलम घातले आणि अशा नियमभंगाला ५०० ते १००० रुपये दंड ठेवला. मला मात्र आजवर असा एकही माणूस भेटलेला नाही ज्याला उजवी लेन अडवली म्हणून पावती मिळाली. वेगाची मिळते, सीटबेल्टची मिळते, नंबरप्लेटची मिळते. हळू चालून मागच्यांचा रस्ता अडवण्याची मिळत नाही. तो गुन्हा आहे हेच कुणाला वाटत नाही.

यावर त्या गृहस्थांचे उत्तर ठरलेले असते. "डावीकडे कसा जाऊ? तिकडे रिक्षा थांबलेल्या असतात, उलट्या दिशेने दुचाकी येतात, सर्व्हिस रोडवरून कुणीही अंगावर येतो." उत्तर खोटे नाही. सर्वांत डावी लेन पुण्याच्या बाह्यवळणावर बऱ्याच ठिकाणी लेन उरलेलीच नाही. ती खासगी बसचा थांबा आहे, पंक्चरवाल्याचे दुकान आहे, पावसाळ्यात डबके आहे. म्हणून ट्रक मधल्या लेनमध्ये येतो आणि कारवाला उजवीकडे सरकतो. इथवर मला मान्य आहे. पण मधली लेन मोकळी असताना? वारजे ओलांडल्यावर, बावधनच्या पुढे, सकाळी साडेसहाला, रस्त्यावर कुत्रे नसतानाही हा गृहस्थ उजवीकडेच असतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर तर ना रिक्षा असते ना दुचाकी, दोघांनाही तिथे बंदी आहे. तरी तिथेही तो उजवीकडेच. म्हणजे सवय अडचणीतून लागली असेल, पण आता ती अडचणीची राहिलेली नाही. उजवीकडे असणे ही त्याला प्रतिष्ठा वाटते. गाडी मोठी, हप्ता मोठा, म्हणून लेनही मोठ्या माणसाची.

याचा परिणाम काय होतो? मागून येणारा जरा वाट पाहतो, डिपर मारतो, हॉर्न देतो आणि शेवटी डावीकडून घुसतो. डावीकडून ओलांडणे म्हणजे ट्रकच्या त्या बाजूने जाणे जिथे ड्रायव्हरला कमीत कमी दिसते. मामू म्हणायचे, उजवीकडचा माणूस मला आरशात भेटतो, डावीकडचा थेट पोलीस चौकीत. एका माणसाच्या निवांतपणापायी दहा जण नागमोडी चालतात, आणि त्या दहांतला एक चुकतो. पंचनाम्यात नाव त्या एकाचे येते. ज्याने रस्ता अडवला तो तोवर बाणेरला पोहोचून कॉफी पीत असतो.

आता कोंडीचे थोडे गणित. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर ठेवा, असे जगभर शिकवतात. तासाचे सेकंद ३६००. म्हणजे एका लेनमधून तासाला अठराशे गाड्या सुरक्षित जाऊ शकतात. हे कधी? सगळे एका वेगाने आणि आपापल्या पट्टीत चालले तर. एकाने पट्टी बदलली की त्याच्या मागचा ब्रेक मारतो, त्याच्या मागचा जरा जास्त मारतो, त्याच्या मागचा थांबतोच. जपानमध्ये युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या आणि चालकांना एवढेच सांगितले, की ताशी साधारण ३० किलोमीटरच्या वेगाने चालत राहा. ना सिग्नल, ना खड्डा, ना अपघात. थोड्याच वेळात आपोआप कोंडी तयार झाली आणि ती लाटेसारखी मागे मागे सरकू लागली. बावीस गाड्यांचे हे, आणि तेही कुणी पट्टी न बदलता. आपण तर दर शंभर मीटरला पट्टी बदलणारे लोक. "पुढे काहीच नव्हते, मग अडकलो कशाला?" असे घरी येऊन विचारतो ना आपण? पुढे काहीतरी होते. वीस मिनिटांपूर्वी कुणीतरी इंडिकेटर न देता कट मारला होता. तो निघून गेला, त्याची लाट राहिली.

आणि एवढे करून मिळते काय? वीस किलोमीटर अंतर ताशी सत्तरने गेलात तर सतरा मिनिटे लागतात, ऐंशीने गेलात तर पंधरा. दोन मिनिटे. ती दोन मिनिटे आपण भूमकर चौकात सिग्नलला उभे राहून परत देतो.

नवले पुलाबद्दल बोलल्याशिवाय या रस्त्यावर लिहिता येणार नाही. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर महामार्ग सलग उतरत येतो, आणि त्या उताराच्या पायथ्याशी शहर दुतर्फा उभे असते. कात्रजकडून येणारी वाहतूकही त्याच परिसरात येऊन मिळते. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाने तिथे एका फटक्यात डझनावारी गाड्या चिरडल्या. त्यानंतर रम्बलर आले, वेगमर्यादा खाली आली, कॅमेरे आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा तिथेच कंटेनर गाड्यांवर आदळला, आग लागली, माणसे जळून मेली. दोन्ही वेळेला टीव्हीवर तीच चर्चा. ट्रकवाले दारू पितात, ट्रकवाले न्यूट्रलवर गाडी सोडतात.

न्यूट्रलवर सोडतात हे खरे आहे. उतारावर गिअर काढला की डिझेल वाचते. पण गिअरमध्ये असताना इंजिनच गाडीला मागे ओढत असते. ते ओढणे गेले की सगळा भार ब्रेकवर. तीस-चाळीस टनांची गाडी नुसत्या ब्रेकवर धरायची म्हटली की लायनर तापतात, आणि तापलेला ब्रेक पाय दाबूनही पकडत नाही. काही महाभाग इंजिनच बंद करतात. मग हवाही भरत नाही आणि स्टेअरिंगही जड होते. हे मरणाचे काम आहे आणि ते करणाऱ्याला माफी नाही. पण तो ते का करतो हे टीव्हीवर कुणी विचारले? मामूंनी एका वाक्यात सांगितले होते. मालक खेपेला डिझेलचे ठरावीक पैसे हातात देतो. वाचले तर ड्रायव्हरचे, कमी पडले तर तेही ड्रायव्हरच्याच खिशातून. पगार तुटपुंजा, भत्ता खेपेवर, झोप मिळेल तिथे. त्या उतारावर वाचलेले डिझेल म्हणजे त्याच्या पोरांच्या वह्या असतात. ते डिझेल मालकाच्या हिशेबात आहे तोवर तुम्ही शंभर रम्बलर बसवा. ड्रायव्हरला अटक होते, मालकाचा हिशेब तसाच राहतो.

आमच्या समाजातली किती घरे या स्टेअरिंगवर चालतात हे मी वेगळे सांगायला नको. ट्रक, टेम्पो, रिक्षा, आता ॲपवरच्या कॅब. शिवाय गॅरेज, टायर, सीटकव्हर. रस्त्यावरची बेशिस्त हा आपल्यासाठी दिवाणखान्यातला विषय नाही, तो आपल्या पोरांच्या कामाच्या जागेचा प्रश्न आहे. गिरणीतल्या कामगाराला यंत्राला जाळी आहे का हे विचारायचा जसा अधिकार होता, तसा आपल्या ड्रायव्हर पोराला डावी लेन मोकळी का नाही हे विचारायचा अधिकार आहे. तो कुणी विचारत नाही. उलट घरातला एखादा मुलगा आयटीत लागला, त्याने कार घेतली, की पहिल्या महिन्यात त्याच्या तोंडी तीच भाषा येते. "हे ट्रकवाले ना..." अरे, तुझे आजोबा कोण होते?

दुचाकीवाल्यांवरही सगळे तुटून पडतात. राँग साइडने येतात म्हणून. बरोबर आहे, येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर उलट्या दिशेने वाहन चालवणे हे कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालनात मोजले जाते, आणि त्यात तुरुंगवासही होऊ शकतो. त्या पोरांची मी बाजू घेणार नाही, कारण मी त्यांना अंधारात दिवा न लावता समोरून येताना पाहिलेय आणि पोटात गोळा आलाय. पण ताथवड्याच्या किंवा पुनावळ्याच्या भुयारी मार्गापाशी एकदा सायंकाळी उभे राहून पाहा. पलीकडे जायला तेवढे एकच भोक, त्यात दोन्ही बाजूंची वाहने अडकलेली, आणि सर्व्हिस रोड मध्येच कुठेतरी शेतात संपलेला. समोर पन्नास पावलांवर घर दिसतेय आणि सरळ मार्गाने जायचे तर दोन-तीन किलोमीटरचा वळसा. मग माणूस शंभर वेळा विचार करतो आणि एकशेएकाव्या वेळी उलटा घुसतो. जिथे सर्व्हिस रोड सलग आहे तिथे राँग साइड बरीच कमी आहे, हे रोज जाणाऱ्या कुणालाही विचारा. शिस्त नावाची गोष्ट हवेत उगवत नाही, तिला पायाखाली डांबर लागते.

मग कारवाल्याला वेगळा न्याय का लावतो, असे कुणी विचारील. कारण सोपे आहे. राँग साइडने येणाऱ्याला निदान आपण चुकतोय हे ठाऊक असते. तो मान खाली घालून, कडेकडेने येतो. उजव्या लेनवर बसलेल्याला आपण बरोबर आहोत असे वाटते. आणि त्याच्याकडे पर्याय होता. शेजारची लेन मोकळी होती.

आपल्या रस्त्यावरच्या खुणांची भाषा हा एक स्वतंत्र विनोद आहे. युरोपात समोरच्याने दिवा चमकवला तर बहुधा त्याचा अर्थ "तुम्ही आधी जा" असा होतो. आपल्याकडे अर्थ होतो, "मी येतोय, तू मर." जुन्या दोनपदरी रस्त्यांवर काही ट्रकवाले उजवा इंडिकेटर लावून मागच्याला सांगायचे की पुढे मोकळे आहे, जा. पुस्तकात त्याच उजव्या इंडिकेटरचा अर्थ "मी उजवीकडे वळतोय" असा आहे. एकाच दिव्याचे दोन अर्थ, आणि कुठला घ्यायचा हे टक्कर झाल्यावर कळते. ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मनाई केली. अक्षरे काही ट्रकांवरून गेली, हॉर्न कुणाचाच गेला नाही. परवाना देताना आपण माणसाला मैदानात आठचा आकडा काढायला लावतो. वेगवान रस्त्यावर मागून येणाऱ्याचा अंदाज घेऊन मिसळायचे कसे, लेन बदलायची कशी, बदलू नये कधी, हे कुठल्याही परीक्षेत विचारले जात नाही. आठचा आकडा मात्र सगळ्यांना येतो, आणि नवले पुलावर रोज त्याचेच प्रात्यक्षिक चालते.

दोन लेनची एक लेन होते तिथे काय करायचे? जर्मनीत याला चेनचा नियम म्हणतात, कपड्याच्या चेनसारखा. लेन संपते त्या टोकापर्यंत यायचे आणि तिथे एक यांचा, एक त्यांचा असे आळीपाळीने मिसळायचे. तिथे हे वाहतुकीच्या कायद्यात लिहिलेले आहे. आपल्याकडे आळीपाळी म्हणजे कमजोरी. समोरच्याला एक गाडीची जागा दिली तर शेजारी बसलेली बायकोसुद्धा म्हणते, "अहो, काय सगळ्यांना सोडत बसलाय!"

आणि आपल्याला पट्ट्या आखून मिळाल्याच नाहीत असेही नाही. देशातली पहिली बीआरटी याच शहरात, याच कात्रजपासून, डिसेंबर २००६ मध्ये सुरू झाली. कात्रज–स्वारगेट–हडपसर. बससाठी राखलेली लेन. एका बसमध्ये पन्नास-साठ माणसे, म्हणजे चाळीसेक गाड्या रस्त्यावरून कमी. आपण काय केले? आधी त्या लेनमध्ये दुचाकी घातल्या, मग रिक्षा, मग कार. मग म्हणालो की बीआरटी फसली. नगर रस्त्यावरच्या काही भागातली तर अलीकडे उखडूनच टाकली. बांधणाऱ्यांच्या चुका ढीगभर होत्या, स्थानके अर्धवट, पादचाऱ्यांचे हाल, ते मी नाकारत नाही. पण बस चालली नाही म्हणून लेन रिकामी राहिली आणि लेन रिकामी दिसली म्हणून आपण घुसलो, आणि आपण घुसलो म्हणून बस चालली नाही. हा फेरा ज्यांनी फिरवला तेच आज बाह्यवळणाला आणखी लेन द्या म्हणून आंदोलन करतात.

आणखी लेन दिल्या तर? अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात केटी फ्रीवे नावाचा महामार्ग आहे. सर्व्हिस रोड धरून काही ठिकाणी तो सव्वीस लेनचा केला. काही वर्षांतच तिथे गर्दीच्या वेळी पुन्हा गाड्या तुंबू लागल्या. डुरँटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांच्या आकडेवारीवरून दाखवले, की जितके रस्ते वाढतात जवळपास तितकेच गाड्यांचे धावणेही वाढते. आपल्याला टेक्सासला जायची गरज नाही. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोटाने पाडला, सगळ्या शहराने तो मोबाइलवर पाहिला. १२ ऑगस्ट २०२३ ला नव्या उड्डाणपुलांचे उद्घाटन झाले. चांदणी चौक मोकळा झाला, हे मान्य करायला हवे. मी रोजचा लाभार्थी आहे. पण तिथे वाचलेला माझा वेळ पुढे बाणेर–वाकडला जमा होतो. नळाची गाठ सोडवली, पाणी पुढच्या गाठीशी जाऊन थांबले. आणि आमच्या कात्रज–कोंढवा रस्त्याबद्दल तर काय बोलावे! २०१८ मध्ये रुंदीकरणाचे काम सुरू झाले. ८४ मीटरचा आराखडा होता, जागा ताब्यात येईना म्हणून तो ५० मीटरवर आला. त्या काळात शाळेत घातलेली पोरे आता दाढी करतात.

आता थोडे आपल्यातले. बाकी वाचकांनीही ऐकायला हरकत नाही. रस्त्याचा हक हा शब्द आपल्याला नवा नाही. वाटेवर बसणाऱ्यांना प्रेषितांनी रस्त्याचा हक अदा करायला सांगितले आणि त्या हकात कुणाला त्रास न देणे मोजले, ही हदीस मदरशातले पोरगेही सांगेल. वाटेतला काटा-दगड बाजूला करणे हा ईमानचाच एक भाग आहे, हेही जुम्म्याच्या बयानात दर दोन महिन्यांनी ऐकतो. बयान संपते, आपण बाहेर येतो आणि वाटेतला दगड कोण असतो? मशिदीसमोर दुहेरी-तिहेरी लावलेली आपलीच गाडी. आत खांद्याला खांदा लावून सफ सरळ करायला इमामसाहेबांना एकदा सांगावे लागते. बाहेर तीच माणसे एकमेकांच्या बम्परला बम्पर लावून हॉर्न वाजवतात. रमजानमध्ये मगरिबच्या आधीची पंधरा मिनिटे कोंढव्यात ज्याने अनुभवली त्याला मी काय वेगळे सांगू. खजूर तोंडात घालायला पाच मिनिटे उशीर झाला तर रोजा तुटत नाही. सिग्नल तोडून कुणाचा पाय मात्र तुटतो. मिरवणुकीने आणि मांडवाने रस्ता अडवणाऱ्यांबद्दल आपण तावातावाने बोलतो, आणि बोलावेही. फक्त ते बोलताना आपली गाडी कुठे लावलीय तेवढे पाहावे.

गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंना घेऊन आम्ही वारज्याहून ॲम्ब्युलन्सने येत होतो. छातीत दुखत होते. महामार्ग तुंबलेला. महामार्ग तुंबतो हे समजू शकतो, पण कडेची मोकळी पट्टीसुद्धा गाड्यांनी भरलेली. ती पट्टी कशासाठी असते? याचसाठी असते. जर्मनीत गाड्या थबकू लागल्या की सर्वांत आतल्या लेनने एका बाजूला आणि बाकीच्यांनी दुसऱ्या बाजूला सरकून मध्ये वाट ठेवायची, ॲम्ब्युलन्स येवो न येवो, हे कायद्याने बांधलेले आहे. आपल्या कायद्यातही १९४ ई कलमाखाली ॲम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. आमच्या समोरच्यांनी शेवटी वाट दिली, नाही असे नाही. पण आमच्या मागे एक कार आणि तीन मोटरसायकली चिकटल्या. सायरनच्या मागे फुकटचा रस्ता! ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, तेवीस-चोवीसचा पोरगा, आरशात बघत म्हणाला, "यांच्यामुळे मला ब्रेक मारता येत नाही." सासूबाई वाचल्या, अल्हम्दुलिल्लाह. आठवड्याने घरी आल्या. त्या मागच्या कारमध्ये कोण होते मला माहीत नाही, पण ती उजव्या लेनमधून आली होती.

सरकारकडून मला आठ लेन नकोत, बारा लेन नकोत. रावेतपासून नऱ्ह्यापर्यंत दोन्ही बाजूंना सलग सर्व्हिस रोड हवा, डाव्या लेनमधली दुकाने आणि थांबे हटायला हवेत, आणि वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्यांनी उजवी लेन अडवणाऱ्यालाही पकडायला हवे. कात्रज ते हिंजवडी दर दहा मिनिटांनी बस असेल तर मी माझी कार उद्या विकतो. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोचे लोक मला कौतुकाने सांगतात. कोंढव्याच्या माणसाने शिवाजीनगरला आधी पोहोचायचे कसे, ते सांगत नाहीत.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मागच्या महिन्यात बाह्यवळण दुमजली करा अशा मागणीच्या अर्जावर सह्या गोळा होत होत्या. मी लिहिले की सोबत सर्व्हिस रोडचीही मागणी घाला, आणि आपणही उजवी लेन सोडायची असे ठरवू. दोन जणांनी अंगठा दाखवला. तिसऱ्याने चीनमधल्या पाचमजली उड्डाणपुलाचा व्हिडिओ टाकला, खाली लिहिले होते, "आपल्याकडे असे कधी होणार?" त्यावर एकशे बारा जणांनी टाळ्या वाजवल्या.